दुसऱ्या ड्रायव्हरचा प्रश्न

जिंतूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते. संसदेचे आर्थिक अधिकार हा धडा मी इतक्या वेळा शिकवलाय की पुस्तक मिटून, खिडकीतून बाहेर बघतसुद्धा सांगता येतो. अनुदानाच्या मागण्या, स्थायी समित्या, तारांकित प्रश्न, अतारांकित प्रश्न. पण यातल्या एकाही समितीचा एकही अहवाल मी कधी उघडून पाहिला नव्हता. कुणी विचारलंही नव्हतं. विचारलं ते माझ्या मामांनी, आणि तेही डोळे मिटून पलंगावर बसलेले असताना.

मामा वालूरला राहतात. फौजेत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली. त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा मामीचा फोन आला, "चार दिस येऊन राहा गं. मला ते थेंब टाकायला जमंना, हात थरथरतो." होळीच्या सुट्टीला रजा जोडून मी गेले. दिवसातून सहा वेळा थेंब टाकायचे आणि मधल्या वेळात मामांना टीव्ही बघू द्यायचा नाही, एवढंच माझं काम. बघायची मनाई होती, ऐकायची नव्हती. त्यामुळे ते पलंगावर डोळे मिटून बसायचे आणि टीव्हीवर संसदेचं कामकाज चालू असायचं. गावातले म्हातारे मालिका लावतात, भजनं लावतात. मामा हे लावायचे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कुणीतरी सदस्य संरक्षण खात्यावर बोलत होते. सैन्यात किती जागा रिकाम्या आहेत, भरती किती झाली, असं काहीसं. मामा एकदम सरळ बसले.

"ड्रायव्हरचं बोलले का ते?"

"नाही मामा. सगळ्या जागांचं मिळून बोलले."

"आसं का." मग म्हणाले, "मला एक सांग. ह्यांना फौजेतलं आतलं काय कळतंय? ह्यांच्यापुढं कागद कोण ठेवतंय?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. संसदेची संरक्षणविषयक स्थायी समिती असते, तिच्यात दोन्ही सभागृहांचे सदस्य असतात, ती मंत्रालयाच्या मागण्यांची छाननी करते.

"छाननी म्हंजी काय करते?"

"तपासते."

"आगं पण कशी? अफसरला समोर बसवून इचारते, का नुसते कागद चाळते?"

मला माहीत नव्हतं. अठरा वर्षं शिकवून मला ते माहीत नव्हतं. मी मोबाइल काढला आणि तिथंच त्यांच्या उशाशी बसून शोधायला लागले. अहवाल सापडायला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत. संसदेच्या संकेतस्थळावर सगळे ओळीनं ठेवलेले होते, कुणीही उघडावेत असे.

मी वाचायला सुरुवात केली. इंग्रजीतून वाचायचं आणि मराठीत सांगायचं. पहिली काही पानं रुक्ष होती, पण पुढं गेल्यावर मला गंमत वाटायला लागली. समितीला अमुक जाणून घ्यायचं होतं, मग मंत्रालयाचं लेखी उत्तर, मग मंत्रालयाचे अधिकारी प्रत्यक्ष समितीसमोर काय बोलले ते, आणि शेवटी समितीला काय वाटलं ते. जणू एखाद्या लांबलचक संभाषणाची वहीच. कुठं समिती म्हणते, मागच्या वर्षीही आम्ही हेच सांगितलं होतं. कुठं मंत्रालय म्हणतं, मागितलं तेवढं मिळालं नाही, मिळालं त्यात भागवतो.

"म्हंजी अफसरला बसवतेत समोर," मामा खूश होऊन म्हणाले. "आन त्यानं सांगाया लागतं?"

"लागतं. पण काही ठिकाणी नुसत्या चांदण्या आहेत. तारे छापलेत ओळीनं."

"तिथं काय?"

"गुप्त माहिती असणार. समितीला सांगितली, पण छापली नाही."

मामांना त्या चांदण्यांचं फार कौतुक वाटलं. मी पान उलटलं की विचारायचे, "ह्या पानावर हायत का?" असतील तर मागच्या-पुढच्या वाक्यांवरून तिथं काय असेल याचा अंदाज बांधायचे. मला न कळणारे शब्द त्यांना कळायचे. मंजूर जागा आणि हजर माणसं यांत फरक असतो, हजर माणसांतलीही काही रजेवर, काही कोर्सला, काही दवाखान्यात असतात, आणि उरतात त्यांच्यावर गाडा चालतो, हे त्यांनी मला समजावलं. मामी स्वयंपाकघरातून म्हणाली, "त्यांचं डोकं दुखंल, बंद करा आता." कुणी बंद केलं नाही.

चौथ्या दिवशी सकाळी थेंब टाकून झाल्यावर मामा म्हणाले, "तुला एक गोष्ट सांगतो. तुझ्या मामीला अर्धीच ठाऊक हाय."

मामा डोंगरातल्या रस्त्यावर मालाचा ट्रक चालवायचे. फौजी त्याला कानवाई म्हणतात, एकामागं एक तीस-चाळीस गाड्या. लांबच्या वाटेवर प्रत्येक गाडीत दोन ड्रायव्हर असावेत असा दंडक होता. पण त्यांच्या तुकडीत तेव्हा माणसं कमी होती. दुसऱ्या ड्रायव्हरच्या जागेवर कधी कोण बसायचं, कधी कुणीच नाही. त्या दिवशी त्यांच्या शेजारी हरियाणाचा एक वायरलेसवाला बसला होता, त्याला गाडी येत नव्हती. मामा आदल्या दिवसापासून चालवत होते. उजाडल्यावर एका वळणावर त्यांचा डोळा लागला. गाडी दरीकडं न जाता डोंगराकडं गेली, म्हणून दोघं वाचले. वायरलेसवाल्याचा गुडघा मोडला. चौकशी झाली आणि मामांच्या रेकॉर्डात लाल शाईनं नोंद झाली: हलगर्जी.

"नोंदीचं न्हाई मला," मामा म्हणाले. "झोप लागली व्हती, ते खरंच हाय. पण मला येवढंच कळंना आजवर. माणसं आमच्याच तुकडीत कमी व्हती, का सगळीकडंच? आन वर कुणाला ठाऊक तरी व्हतं का? म्हणून ते संसदेचं लावून बसतो मी. कुणीतरी इचारंल म्हणून."

मी थेंबांची बाटली उगाच हातात फिरवत बसले.

जिंतूरला परत आल्यावर माझ्या डोक्यातून ते जाईना. हा प्रश्न संसदेत विचारावा म्हणून मी एका खासदारांच्या कार्यालयाला पत्र लिहिलं. ते कुठले हे महत्त्वाचं नाही. दोन पानी पत्र होतं, त्यात सैन्याचा इतिहासही मी घातला होता. आठवड्यानं तिथल्या सहायकांचा फोन आला. आवाजावरून तरुण आणि घाईत असलेले वाटले.

"मॅडम, पत्र चांगलं आहे, पण हा प्रश्न नाही, निबंध आहे. एका प्रश्नात एकच विषय हवा. मत नको, आरोप नको. माहिती मागा, बस."

मी आणि मामांनी फोनवर बसून तो प्रश्न कापला. मामा सुचवायचे, मी लिहायचे, मग दोघं मिळून शब्द काढायचो. शेवटी तीन छोटे भाग उरले: ड्रायव्हरच्या किती जागा मंजूर आहेत, किती रिकाम्या आहेत, त्या भरायला काय चाललंय. सहायक म्हणाले, "आता जमलं. पण आलेल्या प्रश्नांची सोडत काढतात, तीत नंबर लागला पाहिजे, हमी नाही."

पावसाळी अधिवेशनात नंबर लागला. अतारांकित, म्हणजे सभागृहात तोंडी काही नाही, नुसतं लेखी उत्तर. सहायकांनी ते पाठवलं तेव्हा मी शिक्षक-खोलीत होते. तिथून उठून आवारात जाऊन उघडलं. पहिल्या दोन भागांना मिळून एकच वाक्य होतं: ही माहिती संवेदनशील असल्यामुळे जाहीर करणं देशाच्या सुरक्षेच्या हिताचं नाही. तिसऱ्या भागाला: भरती ही निरंतर चालणारी प्रक्रिया आहे.

मला वाईट वाटलं. मामांना फोन करून उत्तर वाचून दाखवलं. ते मात्र हसले.

"चांदण्याच की ह्या! नुसत्या अक्षरात लिवल्यात." मग म्हणाले, "बरोबर हाय त्यांचं. आजचा आकडा दुश्मनाला कामून सांगायचा? मला आजचं नगं व्हतं, पोरी. मला तवाचं पायजे व्हतं. आपणच चुकीचं इचारलं."

तवाचं. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. समित्या काही काल सुरू झालेल्या नाहीत.

दिवाळीच्या सुट्टीत मी जुने अहवाल शोधायला बसले. ते तिरके, धुरकट, कुठं कुठं अक्षर पुसलेले असे स्कॅन करून ठेवलेले आहेत. मामांच्या अपघाताच्या आसपासच्या वर्षांचे एकेक करून उतरवून घेतले. तीन दिवस काही सापडलं नाही. रणगाडे होते, विमानं होती, घरांची टंचाई होती. चौथ्या दिवशी एका अहवालात अर्ध्या पानाचा परिच्छेद दिसला. वाहनं चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांची कमतरता आहे का, आणि असलेल्या माणसांवर त्याचा ताण पडतो का, असं समितीनं विचारलं होतं. अधिकाऱ्यांनी कमतरता असल्याचं मान्य केलं होतं. आहेत त्यांनाच जास्तीचं काम करावं लागतं, हेही सांगितलं होतं. समितीनं चिंता व्यक्त करून जागा लवकर भरायला सांगितलं होतं. बस, एवढंच. त्यानंतर विषय बदलून तंबूंवर गेला होता.

मी दुसऱ्या दिवशी पहिल्या एस.टी.नं वालूर गाठलं. मामा ओसरीत सोयाबीन निवडत होते. मी वाचून दाखवलं.

"परत वाच."

मी परत वाचलं. तिसऱ्यांदाही वाचायला लावलं. सूप त्यांच्या मांडीवर तसंच होतं.

"म्हंजी सगळीकडंच व्हतं," ते हळू म्हणाले. "आन वर ठाऊक व्हतं." मग विचारलं, "कुणी इचारलं हे? नाव काय त्या सदस्याचं?"

"नाव नसतं मामा. समितीनं विचारलं, एवढंच लिहितात."

"न्हाई नाव?" त्यांना हे कोडं वाटलं. "येवढा कामाचा माणूस, आन नाव न्हाई लिवत?"

मामी दारात उभी राहून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "त्या हरियाणावाल्याला फोन लावा की. किती वर्षं म्हणताय." म्हणजे तिला अर्धीच नाही, सगळी गोष्ट ठाऊक होती. मामांनी तिच्याकडं पाहिलं आणि फोन दिला माझ्याकडं. नंबर तुकडीतल्या एका जुन्या सोबत्याकडून मिळाला. मी स्पीकर लावला.

पलीकडचा आवाज मोठा आणि आनंदी होता. ख्यालीखुशाली झाली. गुडघा थंडीत दुखतो, बाकी ठीक. मामा हिंदीत त्या परिच्छेदाचं सांगायला लागले, सांगता सांगता अडखळले. पलीकडचे मधेच म्हणाले, "उस्ताद, मुझे तो बोलते रहने के लिए बिठाया था. कि तुम सो न जाओ. और पहले मैं ही सो गया." मग म्हणाले, इतकी वर्षं मला वाटायचं, त्याच रागानं तुम्ही फोन करत नाही.

मामांनी फोन कानाला लावला आणि उठून अंगणात गेले. पुढचं बोलणं आम्ही ऐकलं नाही. अर्ध्या तासानं आले तेव्हा चेहरा धुतलेला होता.

ती लाल नोंद काढायला अर्ज करू या, असं मी सुचवलं. नको म्हणाले, लिहिलंय ते खोटं नाही. पण तो परिच्छेद मला मराठीत, मोठ्या अक्षरात लिहून द्यायला लावला आणि आपल्या फौजेच्या कागदांत, त्या नोंदीच्या शेजारी ठेवला.

या वर्षी तो धडा आला तेव्हा मी पुस्तक नेलं नाही. संरक्षण समितीचा ताजा अहवाल छापून नेला आणि वर्गात वाटला. पेडगावहून येणारी एक मुलगी शेवटपर्यंत मान खाली घालून वाचत होती. तास संपताना तिनं हात वर केला.

"मॅडम, तुम्ही म्हणालात, वेळ संपला की उरलेल्या खात्यांच्या मागण्या चर्चेविना एकदम मताला टाकतात. मग ज्या वर्षी संरक्षणाच्या मागण्या तशाच मंजूर होतात, त्या वर्षी हे समितीनं येवढं इचारलेलं, ते मत देणाऱ्यांपैकी कितीजण वाचत असतील?"

बाकीची मुलं माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं सोमवारपर्यंतची मुदत मागितली.