काळोख्या खोलीतलं चांदणं

लातूरला आमच्या विभागात एक्स-रे आणि सोनोग्राफी शिकायला आलेल्या डॉक्टरांना मी दरवर्षी विचारते, "पुढं स्तनांच्या तपासणीत कोण जाणार?" मग त्यांची उडणारी तारांबळ मला फार आवडते. मुलगे बुटांकडे बघतात, मुली छताकडे. एकीनं, नांदेडच्या, तोंडावरच सांगितलं, "मॅडम, पांढऱ्यावर पांढरं काय शोधायचं? मी मेंदूचं एमआरआय करणार."

"बस तर खरी," म्हणत मी भर दुपारी खोलीत काळोख केला. जळकोटहून जावेच्या सोबतीला आलेल्या एका बाईंची मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे, सहजच काढली होती, ती लावली. पडद्यावर पाठीला पाठ लावून दोन फिकट चंद्र उगवले. एकाच्या कडेला लखलखते कण.

पोरगी ताठ झाली. "कॅन्सर?"

मला हसू आवरेना. मोठ्या दवाखान्यात जायचं म्हणून आमच्याकडच्या बायका काखेत पावडर थापून येतात, आणि ती पडद्यावर रोगाचं सोंग घेते.

"बाईंची काख ओल्या फडक्यानं पुसून घे आणि परत काढ."

ती परतली ती पावलं न वाजवता. नव्या चित्रात काखेतलं चांदणं साफ मावळलं होतं. मात्र खाली, खोलवर, बारीक कणांची एक वाकडी ओळ होती. मघाच्या झगमगाटात ती आम्हा दोघींनाही दिसली नव्हती. मी पदरानं पडदा पुसला. ओळ हलली नाही.

"हाताला गाठ लागते?"

"काहीच नाही, मॅडम. बघितलं मी."

बाहेरून त्याच बाईंचं हसणं ऐकू आलं. "लई गार मशीन हाय गं, जाऊबाई! फ्रिजात ठिवल्यावानी वाटलं!"

"ह्यांच्या अंगातलं ह्यांच्या आधी आपल्याला कळलं," पोरगी कुजबुजली आणि माझ्या आधी उठून बाहेर गेली.

"झालं का, बाई? आमची गाडी निघंल."

"मावशी, बसा जरा. सुईनं एक तपासणी करावी लागंल."

"माझी? मला काय झालंय? म्या तर हिच्या सोबतीला आले."

पोरीनं त्यांचा हात धरला, आणि सुई टोचून होईस्तोवर सोडला नाही.

कॅन्सरच निघाला, पण अगदी कोवळा. ऑपरेशन झालं, बाई घरी गेल्या. पोरगी मेंदूकडे काही गेली नाही.

आता नांदेडला ती हेच काम करते. अधूनमधून फोन येतो, आवाज दबका. "मॅडम, बाहेर एक बाई भेळ खात बसल्यात. त्यांना अजून काहीच माहीत नाही."

"मग माझ्याशी काय बोलतेस?" मी म्हणते. "जा, त्यांच्याजवळ बस."