चिंता नेणारा मास्तर

मानवी मनाचा ठाव आजवर कुणाला लागलेला नाही, आणि तो लावण्याच्या कार्याला सत्तावन्न सालच्या पावसाळ्यात पनवेलमध्ये प्रारंभ झाला. प्रारंभाचा नारळ वाचनालयाच्या पायरीवर फोडला, तो नासका निघाला. कुणीतरी छत्री घेऊन बाजारात धावलं, दुसरा नारळ आला, आणि मग ठाव घेणं रीतसर सुरू झालं.

त्या वर्षी फ्लूची साथ जगभर फिरत होती. बोटीतून उतरली, मुंबईत पसरली आणि तिथून आमच्याकडे आली. मुंबईच्या एका कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारे एक प्राध्यापक होते. त्यांचं म्हणणं असं की साथीत अंगातला ताप सगळेच मोजतात, मनातला कुणी मोजत नाही. म्हणून त्याच त्या प्रौढ माणसांना तीनदा गाठायचं. साथ चढत असताना, ती भरात असताना आणि ओसरल्यावर. प्रत्येक वेळी तेच प्रश्न विचारायचे, म्हणजे भीती कशी चढते आणि कशी उतरते याचा आलेख मिळेल. कल्पना वाईट नव्हती, आजही मला ती वाईट वाटत नाही. मी नुकताच बी.ए. झालो होतो. माझ्याकडे नोकरी नव्हती, सायकल होती. खाडीकाठच्या गावांचं काम मला मिळालं.

प्रश्नावली प्राध्यापकांनी स्वतः रचली होती. ‘भविष्याविषयी भयाची भावना आपणांस ग्रासते काय?’ ‘जीवन निरर्थक भासते काय?’ जासईच्या वाटेवरच्या मिठागरात असं कुणी बोलत नाही, असं मी सुचवून पाहिलं.

“अहो, शास्त्राला नेमके शब्द लागतात,” ते म्हणाले. “तुम्ही शब्द बदललात की आलेख बिघडला.”

एवढं सांगून ते मुंबईला गेले. मी प्रत्येक प्रश्न आधी त्यांच्या शब्दांत वाचायचो आणि मग माणसाला कळेल असा विचारायचो. त्यामुळे वेळ दुप्पट लागे, पण शास्त्र शाबूत राही.

पहिल्या फेरीत मला एकच उत्तर मिळालं. बरं हाय. खाडीकाठच्या गावांत रोग आला की त्याचं नाव घेत नाहीत, आणि आपण घाबरलो असं तर मुळीच म्हणत नाहीत. आपलं नाव ऐकून साथ घरात येते, अशी समजूत. फ्लूची भीती वाटते का, असं मी एका म्हाताऱ्याला ओट्यावर उभा राहून विचारलं, तर त्याने माझ्या तोंडावर हात ठेवला.

“हलू बोल बाबा! दारातच हाय ती.”

आत त्याचे दोन मुलगे खोकत होते. ‘भय नाही,’ असं मी लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

मग त्या गावाने गाडा काढला. ही जुनी रीत आहे. लाकडाचा हातभर गाडा करायचा, त्यात हिरव्या बांगड्या, खण, लिंबू, तांदूळ ठेवायचे आणि वाजतगाजत तो शेजारच्या गावाच्या शिवेवर नेऊन सोडायचा. रोग गाड्यात बसून जातो. शेजारचं गाव अर्थातच तो पुढच्या शिवेवर नेतं. तो गाडा असा ढकलला जात पळस्प्यापर्यंत पोचल्याचं मी ऐकलं. तिथे गोव्याचा रस्ता वेगळा होतो. पुढे रोग गोव्याला गेला की पुण्याला, यावर एकमत नव्हतं.

गाडा गेल्यानंतर थोड्याच दिवसांनी मी दुसऱ्या फेरीसाठी त्या गावात शिरलो. सायकलच्या दांडीला माझी कापडी पिशवी होती. घरोघर जाऊन मनात काय साचलंय ते मी विचारत होतो, कागदावर उतरवून पिशवीत घालत होतो आणि पिशवी गावाबाहेर नेत होतो. गावाने यावरून जो निष्कर्ष काढला तो माझ्या लक्षात यायला अर्धा दिवस गेला. तोवर लोक भडाभडा बोलत होते आणि मी आपल्या विचारण्याच्या कौशल्यावर खूश होतो.

“सुनेचं लिवलंस?” एका आजीने विचारलं.

“लिहिलं.”

“पिशवीत घातलंस?”

“घातलं.”

“मग वाटंत सांडू नको, मास्तर. पार मुंबईला टाक.”

मी मास्तर नव्हतो. पण तिकडे हातात लेखणी घेऊन येणारा माणूस मास्तर तरी असे नाहीतर वसुलीवाला, आणि मला त्यांनी चांगल्यात धरलं होतं. चिंता अशी नेता येत नाही, हे मी दोनचार ठिकाणी सांगून पाहिलं. विनय म्हणून ते सोडून देण्यात आलं.

त्या फेरीत गावाच्या टोकाच्या घरातली एक बाई माझ्याशी बोलली. तिच्या नवऱ्याला ताप आला आणि आठवड्यात उतरला. पण उठून कामाला लागायच्या ऐवजी तो भिंतीकडे तोंड करून बसला, तो बसलाच. दिलं तर खाई, नाही दिलं तर मागत नसे. बोलणं बंद. दवाखान्यातून आणलेल्या लाल औषधाची बाटली संपली, तरी तो तसाच होता. दिवाळीनंतर मिठागराचा मुकादम खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधावर फेरी मारी आणि ज्याचे मिठाचे वाफे त्याला नेमून देई. त्या दिवशी जो बांधावर दिसणार नाही त्याचे वाफे दुसऱ्याला जात. हे वाफे तिच्या सासऱ्याच्या हातचे होते आणि घर त्यांच्यावरच चाले. तिने हे सगळं मला सांगितलं, मी लिहून नेलं, आणि त्या रात्री तिला झोप लागली. पण वाफे जायचे ते जाणारच होते, हे तिलाही कळत होतं.

तिसऱ्या फेरीला पाऊस संपला होता, साथ ओसरली होती आणि पहिल्या फेरीतली शांतता परत आली होती. मात्र कारण वेगळं होतं.

“चिंता? ती तर तुमी नेली ना मागं?” लोक म्हणत आणि पिशवीकडे संशयाने बघत. “परत आनली का काय?”

एका घरी मला पिशवी अंगणाबाहेर ठेवायला लावली.

टोकाच्या घरातली बाई मात्र माझी वाटच पाहत होती. मुकादम दुसऱ्या दिवशी यायचा होता.

“भाऊ, माजी नेलीत. आता याची पन न्या.”

“त्यांनी स्वतः सांगायला हवं. तसा नियम आहे.”

“तो बोलत असता तर तुमाला कशाला सांगतली असती? त्यालाच सांगून मोकली झाली असती मी.”

मी नवऱ्याशेजारी बसलो. तो भिंतीकडे पाहत होता. मी झोपेचं विचारलं, जेवणाचं विचारलं. काही नाही. ‘जीवन निरर्थक भासते काय?’ हे मी आधी नियमाप्रमाणे वाचलं.

“म्हंजे काय?” बाईने विचारलं.

“म्हणजे, कशात काही अर्थ नाही असं वाटतं का.”

“तसं ज्याला वाटंल तो तांदलाची भाकरी मोडून खाईल का दोन येला?”

शेवटचा प्रश्न कामाचा होता. आपल्या कामाची आपणांस काळजी वाटते काय? बाईनेच परस्पर सांगून टाकलं, “कामाची नाय काळजी. दीर हाय ना. बांद त्यानंच घातला पावसानंतर.”

भिंतीकडून आवाज आला. बरेच दिवस न वापरलेला, खरखरीत.

“त्याला बांदाला हात लावाया कोनी सांगितला?”

बाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. मग तिने माझ्याकडे न बघता ते पुन्हा पाखडायला घेतलं.

“मीच सांगितला. तू बस भिंतीशी बोलत. चांगला घालतो तो. तुज्यापरास नीट.”

“नीट? त्याला चिखल तरी कलतो?”

“कलतो म्हनून तर बांद उभा हाय.”

तो उठला. भिंतीला हात लावून सावरला. मग निघाला. मी मागून सायकल ढकलत गेलो. बांधावर पोचल्यावर त्याने धाकट्या भावाला अशा शिव्या दिल्या की त्या प्रश्नावलीत कुठे बसवाव्यात हे मला कळेना. भाऊ आधी रडकुंडीला आल्यासारखा दिसला आणि मग हसायला लागला. तेवढ्यात याने फावडं घेऊन बांधाचा एक भाग उखडायला सुरुवात केली होती. दुसऱ्या दिवशी मुकादम आला तेव्हा तो गुडघाभर चिखलात उभा राहून भावाला बांध म्हणजे काय ते समजावत होता. मुकादमाने मनाची चौकशी केली नाही. वाफे नेमून दिले आणि पुढे गेला. बाई बांधावर भाकरी घेऊन आली होती. ती मला म्हणाली, “भाऊ, ती पिशवी आता इकडं आनू नका.”

प्रश्नावलीतल्या एकाही प्रश्नाला त्याने उत्तर दिलेलं नव्हतं. बांधाचा प्रश्न तिच्यात नव्हता. त्यामुळे त्याच्या रकान्यात मी खालपर्यंत ‘उत्तर नाही’ असं लिहिलं. प्राध्यापकांनी ते ‘तक्रार नाही’ असं धरलं. आलेख सुरेख उतरला होता. पुढे मुंबईच्या एका सभेत, गळ्यात हार असताना, त्यांनी सांगितलं की सहानुभूतीने केलेली विचारपूस हेच साथीतल्या मनाचं औषध आहे, आणि उदाहरण म्हणून, माझ्याकडून ऐकलेल्या, भिंतीकडे तोंड करून बसलेल्या मिठागरातल्या त्या आगऱ्याला उभं केलं. टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या.

तोवर एक अमावस्या होऊन गेली होती. तिच्या उधाणात तो बांध फुटला, त्याने उखडून पुन्हा घातला होता तेवढाच. भावाने घातलेला शाबूत राहिला.