रत्नाबाईंची बाजू

चंदनाला एक वाईट खोड होती, आणि त्या खोडीचाच तिला पगार मिळायचा. बेंगळुरातल्या पीण्या भागातल्या एका लहानशा कारखान्यात यंत्रांचे बुश आणि पिना बनत. त्यातली केसभर जाड किंवा केसभर बारीक निघालेली वस्तू हुडकायची आणि लाल ट्रेमध्ये टाकायची, हे तिचं काम. दुरुस्त होण्यासारखं असेल ते 'रीवर्क'ला जायचं, बाकीचं भंगारात. वर्षानुवर्षं हेच केल्यावर माणसाची नजर बिघडते. लग्नाला गेली तरी तिला आधी मंडपाचा कललेला खांब दिसायचा. नवऱ्यानं, अभिराजनं, दाढी केली की तिचे डोळे नेमके सुटलेल्या केसांवर जायचे. अभिराज बिचारा गरीब स्वभावाचा. तो निमूटपणे परत आरशापुढे उभा राहायचा.

राजाजीनगरातलं त्यांचं घर तसं लहानच. त्यात चंदना, अभिराज, मुलगी निधी, सासूबाई रत्नाबाई आणि दोन मांजरं. निधीनं शाळेत असताना रस्त्यावरून उचलून आणलेली ही मांजरं: एक गोल, पिवळा बोंडा आणि दुसरी पांढरी इडली. ह्या घराण्याच्या बेंगळुरात किती पिढ्या झाल्या हे विचाराल तर कुणालाच धड सांगता यायचं नाही. घरात मराठी, दारात कन्नड, आणि भांडण निघालं की दोन्ही. रत्नाबाईंच्या वडिलांचं चिक्कपेटेत शिंप्याचं दुकान होतं. गोधडीला ह्या घरात कौदी म्हणत, आणि कौदी शिवायला चंदनाला सासूनंच शिकवलं होतं.

लग्न होऊन आली तेव्हा चंदनाला साधं बटण लावता येत नव्हतं. पण एकदा सुई हाती आली ती सुटली नाही. सकाळी कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत चार टाके, संध्याकाळी मेट्रोतून उतरून घरी आली की चहा निवेपर्यंत चार टाके, आणि रविवार दुपार तर पूर्ण कौदीची. बोंडा दोऱ्याच्या रिळामागे धावायचा, इडली नेमकी जिथं टाका घालायचा तिथं येऊन बसायची. हळूहळू चंदनाच्या कौद्या नुसत्या पांघरायच्या राहिल्या नाहीत. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांतून ती गल्ल्या काढायची, गच्च्यांवरच्या पाण्याच्या टाक्या काढायची, वाळत घातलेले कपडे काढायची. शेजारणी म्हणायच्या, अक्का, हे पांघरायला कसं मन होईल ओ, हे तर भिंतीवर लावायचं.

कौदी शिवायची त्या घरची एक रीत होती. पहिला टाका घरातल्या वडीलधाऱ्या बाईनं घालायचा. मग दोघींनी समोरासमोर बसायचं, एकीनं एका बाजूनं, दुसरीनं दुसऱ्या बाजूनं शिवत मध्यावर यायचं. शेवटी काठ झाले की एक कोपरा उघडा ठेवायचा, आणि तो पुन्हा त्याच वडीलधाऱ्या बाईनं बंद करायचा. तोवर ती कौदी कुणी अंगावर घ्यायची नाही. ह्याला कारण काय, असं निधीनं एकदा विचारलं तेव्हा रत्नाबाई म्हणाल्या, "कारण कसलं? जिनं दार उघडलं तिनंच लावायचं."

घरातली सगळ्यात मोठी कौदी दोघींनी मिळून शिवायला घेतली ती व्यंकोजीराव गेल्यानंतर. व्यंकोजीराव म्हणजे रत्नाबाईंचे यजमान. जन्मभर बस कंडक्टर होते. त्यांचे खाकी शर्ट, निधीची झबली, चंदनाच्या जुन्या साड्या, आणि अस्तराला रत्नाबाईंचं लग्नातलं इरकली लुगडं. एका शर्टाचा खिसा रत्नाबाईंनी तसाच ठेवला, तोंड उघडं, आणि त्याच्या भोवतीनं टाके घातले. शिवता शिवता त्या बोटातलं अंगुस्तान त्या खिशात टाकायच्या, परत काढायच्या. कधी त्यात नुसताच हात घालून बसायच्या. चंदना तेव्हा दुसरीकडे बघायची.

त्याच सुमाराला रत्नाबाईंना काचबिंदू झाल्याचं कळलं. कडेचं दिसेना, मग मधलंही धूसर व्हायला लागलं. टाके वळायला लागले. चंदनाच्या बाजूच्या ओळी एकसारख्या पडलेल्या, आणि समोरून रत्नाबाईंच्या ओळी आपल्या मर्जीनं चालत आलेल्या, कुठे दाट, कुठे विरळ, खिशाजवळ आल्या की त्याला वळसा घालून जाणाऱ्या. उरल्यासुरल्या चिंध्यांची त्यांनी मांजरांसाठीही एक चिमुकली कौदी केली. तिचे टाके तर विचारूच नका. बोंडा आणि इडलीनं मात्र एकही खोट काढली नाही.

व्हाइटफील्डला राहणारी आसावरी नावाची एक पुण्याची बाई आयटीतली नोकरी सांभाळून दरवर्षी कापडकामाचं प्रदर्शन भरवायची. निधीनं आईला न विचारता तिला त्या मोठ्या कौदीचा फोटो पाठवला आणि कौदी निवडली गेली. घरात आनंदीआनंद झाला. अभिराज केसरीभात घेऊन आला. रत्नाबाईंनी फोनवरून हरएक नातेवाइकाला कळवलं, "आमची दोघींची कौदी बघायला लोक तिकीट काढून येणार म्हणे." तिकीट नव्हतं, पण त्यांना कोण सांगणार?

आणि नेमकं तेव्हापासून चंदनाला झोप लागेना. आजवर जी कौदी तिला घरची वाटत होती ती आता तिला कारखान्यातल्या लाल ट्रेमध्ये ठेवलेली दिसायला लागली. इतके लोक येणार, जवळ जाऊन बघणार. अर्धी बाजू सरळ, अर्धी अशी. लोक काय म्हणतील? तिनं सासूला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर रत्नाबाई हसून म्हणाल्या असत्या, बरं बाई, उसव. कदाचित रागावल्या असत्या. काहीही झालं असतं तरी ते तोंडावर झालं असतं. पण चंदनानं विचारलंच नाही, आणि ही गोष्ट तिला पुढं आयुष्यभर खाणार होती.

रत्नाबाई बहिणीच्या नातवाच्या बारशाला होसूरला गेल्या. चंदनानं कारखान्यात ताप आल्याचं सांगून रजा काढली. निधी कॉलेजला आणि अभिराज कामाला गेला की ती दाराला कडी लावून बसायची आणि सासूची बाजू उसवायची. टाका कापायचा, ओढायचा, कापायचा, ओढायचा. दोऱ्यांचे गुंते जमिनीवर पडायचे आणि बोंडा ते पंजानं घरभर न्यायचा. सगळं उसवून झाल्यावर कापडावर सुईची जुनी भोकं दिसत होती, म्हणून तिनं कौदी पाण्यातून काढली. सुती कापड पाणी पिऊन फुगतं, भोकं मिटतात, हे तिला रत्नाबाईंनीच शिकवलं होतं. वाळल्यावर तिनं आपल्या सरळ ओळी थेट पलीकडच्या काठापर्यंत नेल्या. खिसा मध्ये येत होता. तो तिनं इस्त्रीनं दाबून सपाट केला आणि ओळ त्याच्या तोंडावरून नेली.

खरं सांगायचं तर तिला फार समाधान वाटलं. आता कुणी बोट ठेवू शकणार नाही, असं काम झालं होतं. रिवाजाचा कोपरा अजून लावायचा राहिला होता, तो तेवढा तिनं उघडाच ठेवला. प्रदर्शनाहून परत आली की अत्याबाई बंद करतील, असं तिनं घरात सांगून टाकलं. सासूला ती अत्याबाई म्हणायची.

प्रदर्शनात आसावरी त्या कौदीसमोर बराच वेळ घुटमळली. मग म्हणाली, "चंदनाताई, फोटोत ह्या साइडचे टाके वेगळे होते ना? एकदम मस्त, स्वतःच्या मनाने चालल्यासारखे? मी खरं म्हणजे त्याच्यासाठीच सिलेक्ट केली होती ही."

"ते... ते जरा नीट केलं," चंदना म्हणाली.

"ओह," आसावरी म्हणाली, आणि सभ्य बाई असल्यामुळे शेजारच्या कापडकामाकडे वळली. चंदना मात्र त्या दिवशी कुणाच्याही नजरेला नजर न देता कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहिली. रत्नाबाईंना गुडघ्यांमुळे येता आलं नव्हतं, ह्याबद्दल तिनं देवाचे आभार मानले. असले आभार मानायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

कौदी घरी आली. रत्नाबाई खाटेवर वाटच बघत होत्या. अंगुस्तान बोटात घालून तयार. चंदनानं घडी त्यांच्या मांडीवर ठेवली, दोरा ओवलेली सुई हातात दिली आणि कोपरा दाखवला. रत्नाबाईंनी कोपरा चाचपला, मग सवयीनं त्यांचा हात आत सरकला, खिसा शोधत. खिसा सापडला. बोटं त्याच्या तोंडाशी थांबली. पुन्हा एकदा इकडून तिकडे फिरली. मग त्यांनी अंगुस्तान काढलं, सुई कापडात खोचली आणि घडी चंदनाकडे सरकवली.

"सरी, राहू दे," त्या म्हणाल्या. "आज नको. डोळे दुखतात ग."

त्यानंतर रत्नाबाईंनी सुई हातात घेतली नाही. रागावल्या नाहीत, अबोला धरला नाही, जेवणात मीठ जास्त झालं तर तसं सांगायच्या, मालिकेतल्या सुनांना शिव्या द्यायच्या. पण चंदना कौदी पसरून बसली की त्या मांजरांना हाक मारून आपल्या खोलीत जायच्या. चंदना मनाची समजूत घालायची, डोळ्यांमुळेच असणार. तिचं ते म्हणणं मलाच पटत नाही, तर तिला स्वतःला कसं पटत असेल? किती वेळा तिनं तोंड उघडलं आणि चहा हवा का, असं विचारून मिटलं. कामाची वेळ व्हायची, मेट्रो गाठायची असायची, आणि न बोलायला माणसाला एवढं कारण पुष्कळ होतं.

वर्षं गेली. रत्नाबाईंचे डोळे जवळजवळ गेलेच. हात कापायला लागले. चंदनाच्या कौद्यांना आणखी ठिकाणांहून बोलावणी आली, एका मासिकात फोटोही आला. ती मोठी कौदी मात्र कपाटात वरच्या फळीवर पडून होती, कोपरा उघडा, सुई तशीच खोचलेली.

ह्या जूनमध्ये निधीला पुण्यात नोकरी लागली. बॅग भरताना ती म्हणाली, "अम्मा, मला ती मोठी कौदी हवी. अप्पाजींचा कंडक्टरचा शर्ट आहे तिच्यात. अज्जीकडनं कोपरा लावून घे ना."

कौदी खाली काढली. चंदना ती घेऊन खाटेशी बसली. आज जमलं तर सगळं मागं पडेल, असं तिला वाटत होतं.

"अत्याबाई, निधी ही घेऊन जाते म्हणते. एवढा कोपरा लावता? मी तुमचा हात धरते. एक टाका घातला तरी पुरे."

रत्नाबाईंनी कौदीवर हात ठेवला. खिशाकडे नेला नाही, काठावरच ठेवला. त्या हसल्या, आणि ते हसणं खरंच मायेचं होतं, हेच तर वाईट.

"कशाला गं बाई? माझा टाका वाकडा पडणार. तो उसवायला पुन्हा ताप आला म्हणून सांगायचं, रजा काढायची. स्वल्प वय झालं आता तुझंही."

म्हणजे रजासुद्धा माहीत होती, कुणी सांगितलं देव जाणे. तापसुद्धा. ही बाई सगळं पोटात ठेवून इतकी वर्षं तिच्या हातचा चहा पीत होती.

"अत्याबाई, माझं चुकलं," ती म्हणाली. "मी परत उसवते. तुमचे टाके होते तसेच घालते. एक न् एक."

"होते कसे, तुला आठवतंय?" रत्नाबाईंनी विचारलं. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

चंदनानं कौदी उचलली आणि खिडकीशी नेली. उजेडासमोर धरली. कुठंतरी जुन्या भोकांची ओळ दिसेल, खिशाला कुठून वळसा घेतला होता तेवढं तरी कळेल, म्हणून तिनं कापड डोळ्यांजवळ नेलं, ताणलं, तिरकं करून बघितलं. तिच्या नजरेला केसभर फरक दिसायचा. पण तिनंच ते धुतलं होतं. कापडानं सगळं मिटवून टाकलं होतं.

तिनं खिशाच्या तोंडावरची आपली ओळ कापली. तेवढंच काय ते तिला करता आलं. खिसा उघडला, आणि ती परत खाटेशी आली तोवर रत्नाबाई भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या होत्या.

निघायच्या दिवशी निधीनं मोठी कौदी नेली नाही. तिनं मांजरांची ती चिमुकली कौदी कपडे धुवायच्या यंत्राखालून ओढून काढली, झटकली, दोनदा धुतली आणि बॅगेत ठेवली. नखांनी ओरबाडलेली, एका बाजूनं विरलेली. "ही अज्जीची आहे," एवढंच ती म्हणाली. आईकडे न बघता म्हणाली, की चंदनालाच तसं वाटलं, कोण जाणे.

मुलगी गेली. घर सुनं झालं. बोंडा आणि इडली आपलं अंथरूण शोधत यंत्राभोवती फिरून आली, म्हातारी झालेली दोघं, आणि शेवटी सोफ्यावर पसरलेल्या मोठ्या कौदीवर चढली. पूर्वी चंदना त्यांना तिच्या आसपास फिरकू द्यायची नाही. बोंडानं खाकी शर्टावर जागा केली आणि पंजे मागंपुढं करत नखांनी टाके ओढायला सुरुवात केली. एक दोरा सुटून वर आला, मग दुसरा.

आतून रत्नाबाईंनी विचारलं, "काय फाटतंय ग?"

"काही नाही, अत्याबाई," चंदना म्हणाली, आणि ओळ वाकडी होताना बघत बसली.