सातव्या चंद्रावरची माणसं

जानेवारीतल्या दुपारी नंदुरबारवर एक तांबूस, तिखट हवा पसरलेली असते. पथाऱ्यांवर वाळत घातलेल्या मिरचीचा वास उन्हाबरोबर तापत जातो आणि बंद खिडक्यांच्या फटींतून आत येऊन पुस्तकांच्या जुन्या, गोडसर वासात मिसळतो. अशाच एका दुपारी मी आमच्या वाचनालयात बाद पुस्तकांचे गठ्ठे वेगळे करत बसले होते. महाविद्यालयातलं मराठीचं अध्यापन संपवून मी निवृत्त झाले आणि वाचनालयाच्या समितीने मला ग्रंथनिवडीचा अधिकार दिला. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांना एक कपाट हवं होतं, आणि कुठलं रिकामं करायचं याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. ग्रहगोल, अंतराळयानं, बोलणाऱ्या नद्या, पंख फुटलेली माणसं! आयुष्यभर मी विद्यार्थ्यांना सांगत आले होते की साहित्य जीवनातून उगवतं. आणि त्या कपाटात मला जीवन दिसत नव्हतं.

आमचे शिपाई दगाजी आप्पा सुतळी आवळता आवळता म्हणाले, "ताई, या पुस्तकं कोन्ही वाचत नही. दी टाकूत रद्दीमा, जागा तरी व्हई."

पहिला गठ्ठा आदल्याच दिवशी गेला होता. दुसरा बांधून होत होता, तेवढ्यात रमिला आली. ती धडगावकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात परिचारिका. महिन्यातून दोनदा औषधं न्यायला जिल्ह्याला यायची आणि जाताना दोन पुस्तकं न्यायची. तिने गठ्ठ्याकडे पाहिलं आणि वरचं पुस्तक सुतळीखालून अलगद ओढून काढलं.

"मॅडम, हे टाकू नका. आईला वाचून दाखवायचंय."

"आईंना मराठी समजते?"

"नाही. मी पावरीत सांगते."

"मग अंतराळयानाला काय म्हणतेस?"

ती हसली. "मोठी होडी. होडी आईला माहीत आहे ना." मग पुस्तक माझ्यापुढे ठेवत म्हणाली, "तुम्हीच वाचा आधी. नाही आवडलं तर खुशाल टाका."

पुस्तकाचं नाव होतं 'सातव्या चंद्राचे भाडेकरू'; लेखिका मला अनोळखी. मी ते काहीशा उपकाराच्या भावनेने उघडलं आणि संध्याकाळची दिवेलागण झाली तेव्हा अजून त्याच खुर्चीत होते. एका चंद्रावरचं गोठलेलं पाणी वितळू लागतं, वस्त्या बुडणार असतात, आणि निघणाऱ्या प्रत्येकाला नवजात बाळाच्या वजनाइतकंच सामान नेता येतं. कुणी बी घेतं, कुणी देवाचा दगड. एक म्हातारी काहीच घेत नाही. ती आपलं अंगण पावलांनी मोजते, आणि मग यानाच्या लोखंडी बोळात रोज तेवढीच पावलं चालते. किती संयमाने लिहिलं होतं ते! कुठे आक्रोश नाही, उपदेश नाही. चालणाऱ्या पावलांचा आवाज तेवढा पानापानांतून येत राहतो. इतकी वर्षं ज्याला मी पलायन समजत होते, ते किती दूरचा वळसा घेऊन माणसाच्या उंबऱ्याशी परत येत होतं.

त्या पंधरवड्यात रमिलाने सुचवलेली आणखी दोन पुस्तकं मी वाचली. 'मीठ विसरलेली नदी' ही अद्भुतकथा मला काहीशी पाल्हाळिक वाटली; रमिलाला मात्र ती सगळ्यांत आवडते, आणि त्यावरून आमचा छान वाद झाला. तिसरा एक कथासंग्रह. त्यातलं पावसाचा अंदाज सांगणारं, खोटं ठरल्यावर शरमून गप्प होणारं यंत्र मी विसरणार नाही. उरलेली पुस्तकं मी स्वतः परत कपाटात लावली. पण 'सातव्या चंद्रा'चा दुसरा भाग सापडेना. आप्पांना विचारलं.

"तो पहिला गठ्ठामा व्हता ना, ताई. गया तो."

पहिला भाग यान वाटेत असतानाच संपतो; ते कुठे पोचतं, ते त्या दुसऱ्या भागात होतं. बाहेर चौकशी केली. कुठेच प्रत मिळाली नाही.

एका रविवारी रमिला मला तिच्या आईकडे घेऊन गेली. त्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आता आई धाकट्या मुलाकडे सपाटीवरच्या पुनर्वसन वसाहतीत राहते. माझ्या माहेरी, कोरीटला जाताना या वसाहतीचा फाटा मी बसच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिला होता. उतरले कधीच नव्हते. माझं माहेर याच वाटेवरचं, हे रमिलाने पोचल्याबरोबर आईला सांगितलं. सकाळचं कोवळं ऊन अंगणात तिरपं पडलं होतं. आई खाटेवर, रमिला पायाशी. ती आधी मनातल्या मनात एक ओळ वाचायची, मग पावरीत सांगायची. अंगण मोजणाऱ्या म्हातारीपाशी आईने हात वर करून तिला थांबवलं.

"आई म्हणते, लिहिणारीचं चुकलं," रमिला म्हणाली. "अंगण पावलांनी मोजता येतं, पण उतार कसा नेणार? आमचं अंगण नदीकडे उतरायचं. इथे सगळं सपाट. आईचा पाय अजून उताराच्या अंदाजाने पडतो."

दुपार कलली तेव्हा पुस्तक संपलं. ती माणसं पोचली का, असं आईने विचारलं, आणि मला सांगावं लागलं की पुढचा भाग मीच रद्दीत घातला. रमिलाने ते जसंच्या तसं सांगितलं. आई रागावली नाही. अंगणातल्या शेळीला हाकललं आणि पुढची गोष्ट स्वतःच सांगू लागली. आता रमिला तिचं पावरी बोलणं माझ्यासाठी मराठीत आणत होती.

"आई म्हणते, पोचली. जमीन चांगली होती, काळी. पण तिथे आधीपासून कुणीतरी राहत होतं."

मी विद्यार्थिनीसारखी पुढे झुकले. "मग त्या लोकांनी काय केलं?"

आईने माझ्याकडे पाहिलं, प्रसन्न आणि निवांत, आणि दोनच शब्द बोलली. रमिलाने माझ्याकडे न पाहता सांगितलं.

"आई म्हणते, ते तुम्ही सांगा."