जिल्ह्यात दावण बंद

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. तरी दोन हजार सालानंतरच्या एका श्रावणात समुद्रातल्या मासेमारीचं पत्रक आमच्याकडे आलं, कारण पत्रक निघालं की ते सगळ्या जिल्ह्यांना जातं. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी, असं मी तेव्हा हसत म्हणालो होतो. ते हसणं आठवलं की आजही मला स्वतःचीच चीड येते.

मी अंबडला हायस्कुलात इंग्रजी शिकवायचो. तालुक्याच्या एका साहेबांनी पत्रक माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, ‘‘सर, सोप्या मराठीत करा.’’ मैलोगणती लांब दोर समुद्रात सोडायचा, त्याला हजारो गळ लटकवायचे, अशी ती मासेमारी. आमिषाच्या आशेनं समुद्रपक्षी गळाला लागतात, कासवं अडकतात आणि वर येऊन श्वास घेता येत नाही म्हणून बुडून मरतात. म्हणून बऱ्याच देशांनी एकत्र बसून ठरवलं होतं, की गळ आत वळलेल्या टोकाचे वापरायचे, पक्षी बुजवायला दोरावर फिती बांधायच्या, अडकलेलं कासव गळ काढून सोडून द्यायचं. एक देश पाळतो आणि शेजारचा पाळत नाही, असं चालायचं नाही, कारण कासव दोघांच्याही पाण्यात पोहतं.

दोराला मराठीत काय म्हणावं, यावर मी अडलो नाही. माझं गाव गोदावरीच्या काठी. आमच्याकडचे मासे धरणारे असाच दोर नदीत लावतात, या खुंट्यापासून त्या खुंट्यापर्यंत, आणि त्याला दावण म्हणतात. गोठ्यात जनावरं ओळीनं बांधावीत तसे त्याला गळ बांधलेले असतात. मी ऐटीत ‘दावण’ लिहिलं. बोलीतला अस्सल शब्द शोधला म्हणून स्वतःची पाठही थोपटली.

रविवारी गावी गेलो, तेव्हा नदीवरच्या एका म्हाताऱ्याला ते वाचून दाखवलं. आयुष्यभर त्यानं दावणीवरच घर चालवलं. मी त्याला काका म्हणायचो. पाणी उतरून वाळू उघडी पडली, की कासवं अंडी घालायला वर यायची. तेवढे दिवस काका आपली दावण पाण्याबाहेर काढून झाडाला टांगून ठेवायचा. त्याच्या बापानंही हेच केलं होतं. पण पलीकडचा काठ बीड जिल्ह्यात. तिकडचे काढत नसत. इकडची वाचलेली कासवं तिकडे जाऊन मरायची.

‘‘किती देश म्हन्ले, सर?’’ त्यानं विचारलं.

‘‘पुष्कळ.’’

‘‘अन् समद्यांनी कबूल केलं?’’

‘‘कागदावर तरी.’’

‘‘मंग आपले तर दोनच काठ हायेत.’’ तो उठून बसला. ‘‘मी लई बार पल्याड गेल्तो. ते म्हन्तेत, तू कोन सांगनार? शिक्क्याचा कागुद असला तर बराबर ऐकतील. वाळू उघडी पडायच्या आधी तेवढं करा, सर. कासवाला जिल्हा कळत न्हाई.’’

मी साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, ‘‘पलीकडचा जिल्हा आपल्या अखत्यारीत नाही.’’ समुद्रापारचे देश एका टेबलाशी बसू शकतात, पण जालना आणि बीड बसू शकत नाहीत. हे मी तिथंच मोठ्यानं म्हणायला हवं होतं. मी ‘बरं’ म्हणून बाहेर आलो.

दसऱ्याच्या सुमाराला नदीच्या घाटावर पाटी लागली. ‘येथे दावण लावण्यास सक्त मनाई आहे. वन्यजीवांना धोका.’ ज्या कारकुनानं ती लिहवून घेतली तो शेतकऱ्याचा मुलगा. त्याला एकच दावण ठाऊक होती, ढोरं बांधायची. माझं सगळं पत्रक समोर होतं, त्यात गळ होते, समुद्र होता, पक्षी होते. पण वाचायचं कुणी?

पाटीखाली माझ्याच वडिलांच्या, अण्णांच्या, दोन म्हशी बांधलेल्या होत्या. त्या कोंडवाड्यात गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! अण्णा मला घेऊनच त्या सोडवायला गेले आणि चारचौघांत ओरडले, ‘‘माझ्या म्हशीनं कोन्त्या वन्यजीवाला खाल्लं? अन् हे लिहिलं कोनी?’’ मी दंड भरून पावती घेतली. घाटावर रोज म्हशी धरल्या जायला लागल्या आणि वीस हातांवर पाण्यात गळ तसेच लटकत राहिले. पाटी बदला म्हणून मी दोनदा अर्ज दिला. ‘वर कळवलंय’ एवढंच उत्तर मिळालं.

पाटीची गोष्ट पल्याड पोचली. काका तिकडे गेला तेव्हा तिकडच्यांनी त्याला विचारलं, ‘‘म्हशी बांधल्या का रे नीट?’’ त्यानं आपली दावण नेहमीसारखी काढून ठेवली. तिकडची तशीच राहिली.

दिवाळीनंतर साहेबांनी शिक्का मारलेला एक पानभर अहवाल माझ्याकडे पाठवला. वर इंग्रजीत पाठवायचा होता. ‘जिल्ह्यात दावण पूर्णपणे बंद करण्यात आली असून सर्व संबंधितांचे सहकार्य लाभले.’ तो वाचून मी शिव्या दिल्या, त्याही घरात, बायकोसमोर. आणि मग बसून भाषांतर केलं. दावण या शब्दासमोर इंग्रजीत पत्रकातलाच शब्द लिहिला, समुद्रातल्या दोराचा. खाली सही केली. नोकरी होती, बदलीची भीती होती. हे कारण आहे, पण ते सांगताना मला लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका एसटीनं अंबडला आला. खांद्यावर पोतं. ओट्यावर पोतं उलटं केलं, तर आत परातीएवढं कासव होतं, मेलेलं. तोंडातून दोराचा तुटका तुकडा लोंबत होता. गळ घशात खोल रुतला होता.

‘‘मादी हाय,’’ तो म्हणाला. ‘‘पोटात अंडी हायेत. वाळूपोतर आल्ती बिचारी.’’

मग त्याची नजर दारातून आतल्या टेबलावरच्या अहवालावर गेली. त्याला वाचता येत नव्हतं, पण शिक्का ओळखता येत होता. त्याचा चेहरा एकदम उजळला.

‘‘झाला का कागुद, सर? द्या. आजच पल्याड जाऊन दाखवतो. अजून बाकीच्या यायच्या हायेत.’’

त्यात काय लिहिलंय ते मी त्याला सांगितलं. त्यानं शब्द न् शब्द ऐकून घेतला. रागावला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यानं कासव परत पोत्यात घातलं, तोंड बांधलं आणि विचारलं, ‘‘नदीकडची एसटी कितीला हाय?’’

तो गेल्यावर कागद फाडावा म्हणून मी हातात घेतला. फाडला नाही. दुपारी साहेबांचा शिपाई आला, त्याला दिला.