भंडारा उचल

“ए, तू लांब बस. मेंढराचा वास मारतोय तुझ्या अंगाला.”

इस्लामपूरकडल्या एका बंगल्यात, भरल्या माणसांत, दुखणं बरं करतो म्हणणारा महाराज मला असं बोलला. ऊसवाल्या घरच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी पोरीला घेऊन पार चपलांपाशी सरकले. आन खोटं कशाला सांगू, हळूच माझाच पदर हुंगला. ज्या मेंढरांनी जतंच्या माळावर आमाला जगवलं, त्यांची लाज वाटली मला. थूः!

पोरीला फिट यायची. मिरजंच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या हुत्या, गुणबी येत हुता. पर सासूबाई म्हणल्या, “देवाचंबी बघू या की.” म्हणून आलो.

आमची पाळी सगळ्यात शेवटी. महाराजानं पोरीकडं बघितलंसुद्धा न्हाई. भंडाऱ्याचं ताट पुढं सरकवलं.

“उचल. आजपासून पोरीच्या तोंडात गोळी जाणार नाही आणि इथलं बाहेर बोलणार नाही. म्हण.”

आमच्यात भंडारा हातात घेऊन शब्द दिला की संपलं. मेंढरांची वाटणी असू दे न्हाईतर भावकीचं भांडण, कागद कुणी मागत न्हाई. जीव गेला तरी तो शब्द मोडत न्हाईत. त्या मेल्याला हे पक्कं ठावं हुतं. आमच्याच देवाची हळद घेऊन तो आमचं तोंड बंद करत हुता.

मी चिमूट उचलली. व्हय, उचलली.

पोरगी म्हणली, “आये, मग मला फिट आली तर?”

महाराज म्हणला, “आली तर तुझ्या आईचं पाप.”

डोसकंच फिरलं माझं. “गोळी तू बंद करायची आन पाप माझं व्हय रं?”

ती चिमूट मी पोरीच्या कपाळाला लावली. सगळ्यांच्या देखत म्हणलं, “भंडारा माझ्या देवाचा हाय. त्याची आण घेऊन सांगते, पोरीची गोळी चुकवणार न्हाई. आन तुझं सगळं बाहेर बोलणार.”

सासूबाई आतच बसून राहिल्या. मी पोरीला घेऊन बाहेर पडले.

आमच्या वाडीतल्या लय जणींनी तिथं भंडारा उचललाय. विचारलं की खाली बघत्यात. त्यांची लाज मला कळती, माझीबी अजून गेली न्हाई. तरी मी एकेकीच्या दारात जाते. सांगते, बाई, भीती घालून घेतलेला शब्द देवाला पोचत न्हाई. औषध सोडू नगंस.

पोलिसांत तक्रार मीच दिली. आता भावकी रोज दारात येती. म्हणती, महाराजामागं मोठी माणसं हायती, मिटवून टाक.

मी मिटवणार न्हाई.