वैशालीने केलेला डबा

वैशाली गेल्याचा फोन नागपूरच्या दवाखान्यातून आला तेव्हा मी सासऱ्यांना चहा देत होते. डेंगी होता, तिने तो अंगावर काढला... शेवटी वेळ उरला नाही. फोनवर विनोद, माझा नवरा आणि तिचा मोठा भाऊ, एवढंच म्हणाला, "बाबांले आत्ताच नको सांगू." मी बशी त्यांच्या हातात दिली आणि आत जाऊन उभी राहिले.

वैशाली माझी नणंद. लग्न केलं नाही. वर्ध्याच्या एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि जवळच सिंदी मेघेच्या घरात आमच्यासोबत राहायची. बाबांना विसर पडू लागला आणि ते सांगितल्याशिवाय घराबाहेर पडू लागले, तेव्हा तिने दाराशेजारी भिंतीवर एक यंत्र बसवलं. काडेपेटीपेक्षा जरा मोठा कॉम्प्युटरचा बोर्ड, चौकटीला लोहचुंबक. दार उघडलं की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. "याच्या जोडणीचा नकाशा सगळ्यांसाठी खुला हाये वहिनी. कोणालेबी पाह्यता येते, बदलता येते," ती मला कौतुकाने सांगायची. बोर्ड तिने वायरिंगच्या दुकानातल्या प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद केला होता.

एका उन्हाळ्यात, भर दुपारी, घंटी वाजलीच नाही. बाबा पवनारच्या बसमध्ये बसले, धाम नदीच्या काठी उतरले. खिशातल्या चिठ्ठीवरचा नंबर पाहून कंडक्टरने फोन केला म्हणून सापडले. ओठ सुकलेले, एका पायात चप्पल नाही. विनोद खूप घाबरला होता. घरी आल्यावर म्हणाला, "काढून टाक ते खेळणं. उद्यापासून बाहेरून कुलूप."

"बाबांले कोंडायचं नाई, दादा," वैशाली म्हणाली. "मले थोडा वेळ दे. तोवर मी घरीच राह्यते."

तिने रजा टाकली. आधी प्रोग्रॅम तपासला, मग वायरी, मग चार्जर बदलून पाहिला. शेवटी झाकण काढून बोर्ड तसाच उघडा ठेवला, तर दिवसभर चालला. झाकण लावलं आणि दुपारी पुन्हा बंद पडला. "बोर्डात काई नाई वहिनी. डब्यात जीव गुदमरून राह्यला त्याचा." पश्चिमेची भिंत, वर्ध्याचं ऊन आणि हवेला वाट नाही. तिने डब्याला खाली-वर भोकं पाडली, भिंतीपासून बोटभर पुढे काढला. मग भोकांतून मुंग्या शिरल्या, तर आतून बारीक जाळी लावली. एवढं झाल्यावर बाबांनीच तो काठीने पाडला. भोकांतून आतला लाल दिवा दिसला की त्यांना वाटायचं कुणीतरी डोळे वटारून बसलंय. तिने वाद घातला नाही. दिव्यावर काळी पट्टी चिकटवली, डब्याला भिंतीचाच पिवळा रंग दिला. बाबांचं तिकडे लक्ष जाईनासं झालं. कुलूप लागलं नाही. बाबा बाहेर पडले की घंटी वाजायची आणि आमच्यापैकी कुणीतरी त्यांच्यासोबत कोपऱ्यापर्यंत फिरून यायचं.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी घंटी पुन्हा मुकी झाली. बाबांना आम्ही अजून सांगितलं नव्हतं. विनोद सकाळपासून दाराकडे पाहत होता. मी खुर्चीवर चढून डबा काढला. मला यातलं काही कळत नाही, पेचकस कुठे असतो तेही माहीत नव्हतं. पण तो लागलाच नाही. तिने बोटांनी फिरतील असे मोठे स्क्रू लावले होते. आतल्या प्रत्येक वायरीचा रंग वेगळा, आणि ती जिथे जाते तिथे त्याच रंगाचा ठिपका. निळी वायर निसटली होती. मी ती निळ्या ठिपक्यावर दाबली. हे सगळं तिने स्वतःसाठी केलेलं नव्हतं. तिला कशाला ठिपके लागत होते... खुर्चीवर उभ्या उभ्याच मला रडू आलं, ती गेल्यानंतर पहिल्यांदा.

विनोदने दार उघडलं. घंटी वाजली. आतून बाबांनी विचारलं, "वैशू आली काय?"

विनोदने दार लावलं. मग आत जाऊन त्यांच्याजवळ बसला आणि त्यांना सांगितलं.